2147483647 वर अडकलेली फाइल

आमच्या एका जुन्या 32 बिट प्रोग्रॅमची लॉग फाइल एका रात्री वाढायचीच थांबली. डिस्कवर जागा भरपूर, परवानग्या ठीक. आकार 2147483647 बाइट, म्हणजे 2 जीबीला बरोबर एक बाइट कमी. ऑफसेट म्हणजे फाइलमधली जागा सांगणारा आकडा; त्याचा एक बिट चिन्हासाठी जातो, म्हणून 32 बिटांच्या ऑफसेटची धाव इथवरच, हे पुस्तकी उत्तर माहीत होतं. पण शेवटची ओळ अर्धवट का तुटली, ते कळेना.

म्हणून लॅपटॉपवर लिनक्सच्या कर्नेललाच, म्हणजे त्याच्या गाभ्यालाच, विचारायचं ठरवलं. आधी फाइलचा आकार ठरवणाऱ्या ट्रंकेट कमांडने पेन ड्राइव्हवर 3 जीबीची पोकळ फाइल, म्हणजे आकार मोठा पण डिस्कवर जागा न खाणारी, करायला गेलो आणि चहा संपला तरी ती होईना. पेन ड्राइव्हवरच्या फॅट32 या फाइल सिस्टिमला पोकळ फाइल ठाऊकच नाही, बिचारं खरेखुरे शून्य लिहीत बसलं होतं. लिनक्सच्या एक्स्ट4 या फाइल सिस्टिमवर तेच काम क्षणात झालं. फाइलचा आकार सांगणारी एलएस कमांड म्हणे 3 जीबी, डिस्कवर व्यापलेली जागा सांगणारी डीयू म्हणे शून्य.

मग छोटा सी प्रोग्रॅम 32 बिटसाठी कंपाइल केला. 2147483647 बाइटची फाइल उघडली. फाइल एकाच बाइटने मोठी करून उघडायला गेलो, तर ईओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मावत नसल्याची एरर. पुढे 2147483640 या जागी जाऊन 10 बाइट लिहायला सांगितले. मला वाटलं, एरर येईल. राइट या लिहिण्याच्या कॉलने उत्तर दिलं: 7. मावले तेवढे लिहिले, आणि पुढच्या राइटला ईएफबिग, म्हणजे फाइल फार मोठी झाल्याची एरर. तुटक्या ओळीचं कोडं सुटलं! कर्नेल मुकाट्याने खरं सांगत होतं, आमचा प्रोग्रॅम राइटने परत दिलेला आकडा बघतच नव्हता.

फाइलमधली जागा बदलणाऱ्या एलसीक कॉलची तऱ्हा आणखी न्यारी. 2147483640 या जागेवरून 100 पुढे सरक म्हटलं, तर ईओव्हरफ्लो आला, पण उघड्या फाइलची माहिती कर्नेल जिथे दाखवतं त्या प्रॉकमधल्या एफडीइन्फोत पाहिलं तर जागा 2147483740! नाही म्हणत सरकलाच होता.

फाइल ऑफसेट बिट्स ही कंपाइल करतानाची सेटिंग 64 करून पुन्हा कंपाइल केल्यावर ही सगळी कटकट मिटली. हौसेने वरची हद्दही शोधली. 4 केबी ब्लॉकच्या एक्स्ट4 वर 16 टीबीची पोकळ फाइल मागितली तर नकार, 4096 बाइट कमी केले तर मान्य. माझी डिस्क 256 जीबीची!

कामावरच्या प्रोग्रॅमला मात्र एवढ्याने भागलं नाही. दोन ठिकाणी कुणीतरी ऑफसेट साध्या इंटमध्ये, म्हणजे 32 बिटांच्या पूर्णांकात, साठवला होता. ते शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले.