फ्रीझरच्या तोंडाशी साठणारा बर्फ
वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी एका दाराचा, बटण दाबून बर्फ वितळवायचा साधा फ्रीज आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून मे संपता संपता आम्ही सुरमईच्या तुकड्या आणि आमरसाचे डबे फ्रीझरमध्ये भरून ठेवतो. गेल्या जूनमध्ये त्यात इतका बर्फ साठू लागला की आतला डबा जागचा हलेना. सगळा बर्फ वितळवून फ्रीझर कोरडा पुसून घेतला, तरी पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा तीच गत.

उन्हाळ्यात सातवर ठेवलेली थर्मोस्टॅटची चकती मी तीनवर आणली. बर्फ थोडा सावकाश साठू लागला, एवढेच. मग मेकॅनिक आला आणि दार उघडताक्षणी गॅस कमी झाल्याचे सांगून मोकळा झाला. मला ते पटले नाही. गॅस कमी असता तर थंड पत्र्याच्या एखाद्याच भागावर बर्फ धरला असता, उरलेला भाग कोरडा राहिला असता आणि मासळीही धड गोठली नसती. येथे तर तुकड्या दगडासारख्या कडक होत्या.

त्यानंतर मी बर्फच नीट पाहिला, जे खरे तर पहिल्या दिवशी करायला हवे होते. पाणी ठिबकून गोठले असते तर बर्फ काचेसारखा पारदर्शक आणि टणक झाला असता. हा पांढरा, भुसभुशीत, बोटाने चुरा होणारा होता, म्हणजे हवेतली वाफ थेट पत्र्यावर बसत होती. शिवाय मागच्या भिंतीवर त्याचा थर पातळ होता आणि तोंडाशी, उजव्या बाजूला, चांगला दोन बोटे जाड. बाहेरची दमट हवा त्या बाजूने आत शिरत असणार, हे उघड होते. हा थर सुरीने खरवडायला मी हात घातला, तेवढ्यात आई ओरडली, "सुरी लावू नको हां, भोक पडात!" तिचे म्हणणे बरोबर होते, कारण त्या पत्र्याच्या आतूनच गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात आणि एक टोच बसली तरी फ्रीझर कायमचा निकामी होऊ शकतो.

पहिले कारण लगेच सापडले. आमरसाचा एक डबा नखभर पुढे आल्याने फ्रीझरचे आतले झाकण पुरते मिटत नव्हते. तो आडवा ठेवला, तरी बाहेरची हवा मुळात फ्रीजमध्ये येते कोठून, हा प्रश्न उरलाच. रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून, पेटवलेली बॅटरी आत ठेवून दार लावले, तेव्हा उजव्या वरच्या कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ दिसली. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली असता इतर सगळीकडे ती घट्ट बसत होती, त्या कोपऱ्यातून मात्र अलगद निसटली.

दाराचे रबर बदलावे लागणार, असे मी धरून चाललो होतो. रबराच्या घड्यांतली काळी बुरशी जुन्या ब्रशने, साबणाच्या कोमट पाण्याने काढली. रबर चांगले लवचीक होते. दोष समोरच्या पत्र्यात निघाला. फ्रीझरशेजारची ती कड सर्वांत थंड, त्यामुळे पावसाळ्यात तिला सतत घाम सुटतो. त्यात आमच्याकडची खारी हवा. रंगाखाली गंज धरून तांदळाएवढे दोन फुगवटे आले होते आणि रबरातले चुंबक त्यांच्यावर टेकून अधांतरी राहत होते. नवे रबर आणले असते तर तेही तसेच टेकले असते.

प्लग काढून ठेवून मी तो गंज पॉलिश पेपरने घासला, गंजरोधक रंगाचे दोन पातळ हात दिले आणि रंग पुरता वाळेपर्यंत मासळी शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवली. (त्यातल्या चार तुकड्या परत आल्या नाहीत, त्याविषयी मी विचारलेही नाही.) पुढल्या पट्टी-परीक्षेत कागद फाटला, पण निसटला नाही. नारळी पौर्णिमेला फ्रीझर रिकामा केला तेव्हा पत्र्यावर कागदाएवढा पातळ थर होता. आतल्या झाकणाची स्प्रिंग मात्र अजून ढिली आहे. तूर्त तिला रबरबँड लावून ठेवला आहे.