चौथ्या बैठकीतलं भांडण

वाशीत डायलिसिस युनिटला मी स्टाफ नर्स. किडनी निकामी झालेले पेशंट आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, घरी पाणीही मोजूनच प्यायचं, आणि बाहेर बाकड्यावर त्यांची बायको, सून, मुलगा ताटकळत बसलेले. या नातेवाइकांचा आधारगट दर बुधवारी घ्यायचं ठरलं. दहा बैठका, जबाबदारी माझी.

गट कसा घडतो याच्या मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमनने मांडलेल्या पायऱ्या नर्सिंगला पाठ केल्या होत्या: गट आधी जमतो, मग भांडतो, मग घडी बसते, मग कामाला लागतो. 1965 ची ही मांडणी. निरोपाची पायरी 1977 मध्ये जोडली गेली. पाठ असूनही पहिल्या तीन बैठकांत मी चुकलेच. सगळे माझ्याकडे बघून विचारायचे, 'सिस्टर, रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन किती हवं?' मी उत्तरं देत राहिले. एकमेकांशी कुणी बोलेचना.

चौथ्या बैठकीत जुईनगरच्या काकू म्हणाल्या, ह्यांना कधीतरी शहाळं देते. तुर्भ्याचा एक मुलगा ताडकन उठला. "आम्ही घोट मोजतो आणि तुम्ही शहाळं पाजता? जीव घ्यायचाय का त्यांचा?" काकूंनी पर्स उचलली.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, एवढं सांगणं भागच होतं. पण तिथे थांबले. पुढचं अख्खं लेक्चर गिळलं आणि विचारलं, "काकू, देताना मनात काय येतं?"

पर्सची चेन उघडझाप करत त्या म्हणाल्या, "ते तहानेने ओठ चाटत बसतात. बघवत नाही गं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच मुलगा खाली बसत म्हणाला, "बाबा बर्फ मागतात. मी ओरडतो. मग बाथरूममध्ये जाऊन रडतो."

मी तेव्हा मध्ये पडून दोघांना गप्प केलं असतं, तर हे वाक्य मला कधीच ऐकायला मिळालं नसतं. भांडण म्हणजे गट फसला असं समजणाऱ्या माझ्या नव्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

पुढचे नियम त्यांनीच ठरवले: मध्ये तोडायचं नाही, दोष द्यायचा नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही. सातव्या बैठकीला काकू एका नव्या सुनेला शिकवत होत्या, दिवसाच्या मोजलेल्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये लाव, एकेक खडा चघळायला दे. मी नुसती ऐकत होते.

निरोपाची कल्पना आठव्या बैठकीपासूनच देत होते. त्या दरम्यान एका ताईंच्या सासूबाई गेल्या. तरी दहाव्या बुधवारी ताई आल्या, मार्करने खूण केलेली सासूबाईंची पाण्याची बाटली घेऊन. तुर्भ्याच्या मुलाने ती मागून घेतली.