दिवाळी अंकाची कथा, अर्धी कादंबरी आणि साळखात्यातल्या खुणा

जूनमध्ये एका दिवाळी अंकाच्या संपादकताईंचा फोन आला, तेव्हा माझी कादंबरी अर्ध्यावर आली होती. त्यांना दीर्घकथा हवी होती, चार-पाच हजार शब्दांची, 15 ऑगस्टपर्यंत. मी लगेच हो म्हटलं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून एकदा हक्काची जागा मिळत आली आहे. जागेबरोबर तारीखही मिळते. त्या तारखेच्या धाकानेच माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या कथा वहीतून बाहेर पडल्या असतील.

घर बदलापूरला, नोकरी परळच्या एका हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मुलगी दहावीत. वेळेची ओढाताण अंगवळणी पडली होती. पंचाईत वेगळीच होती. कादंबरी मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपावरची आणि कथाही गिरणगावातलीच, त्यामुळे कथा लिहायला बसले की कादंबरीतली माणसं त्यात घुसायची. कादंबरी बाजूला ठेवून द्यावी तर ती हातातून जाईल अशी भीती. मोठं लिखाण महिनाभर जरी बंद राहिलं तरी त्यातल्या माणसांचा आवाज पुन्हा कानात बसायला फार वेळ लागतो.

मग मी कामाची वाटणी केली. नवीन वाक्यं लिहायची ती फक्त कथेची आणि फक्त पहाटे, घर उठायच्या आधी. उठताना वहीच्या तळाशी एवढंच टिपून ठेवायचं की उद्याचं पहिलं वाक्य कुणाच्या तोंडी आहे. सकाळच्या लोकलला बदलापूरहून बसायला मिळतं, पण अंबरनाथ-उल्हासनगरची गर्दी चढली की हातात कागद धरता येत नाही. म्हणून कल्याणपर्यंत आदल्या दिवशीचं वाचून खाडाखोड करायची. कल्याणनंतर नुसतं ऐकायचं. लेडीज डब्यातल्या बायका भांडतात कशा, समजूत काढतात कशी, वाक्य अर्धं सोडून गप्प कुठे होतात, हे ऐकून माझे संवाद सुधारले. संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत येताना सुचेल ते फोनमध्ये बोलून टाइप करायचं. कादंबरीसाठी या काळात एकही नवीन पान लिहायचं नाही, फक्त तपशील गोळा करायचे. सुट्टीच्या शनिवारी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसायचं, 1982 च्या आसपासचे जुने अंक चाळायचे, लागेल ते उतरवून घ्यायचं.

लॅबमध्ये मात्र मी लिहीत नाही. स्लाइडवर लिशमन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचं द्रावण, ओतला की दोन मिनिटं थांबायचं, वर बफरचं पाणी घातलं की आणखी आठ-दहा मिनिटं. एवढ्या वेळात दोन ओळी होतील असा मोह होतो. पण समोरचं रक्त कुणाच्या तरी लेकराचं, कुणाच्या तरी आईचं असतं, तिथे मन दुसरीकडे असून चालत नाही. तरीही त्या कामानेच मला कथेची वाट दाखवली. काचेवर रक्ताचा थेंब ओढला की सुरुवातीला थर दाट येतो. तिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, काही ओळखू येत नाही. पुढे थर विरळ होत जातो आणि जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात, तिथे नजर लावून आपण पांढऱ्या पेशी मोजतो. माझ्या कथेचा पहिला खर्डा त्या दाट भागासारखा होता. संप, कर्ज, गावाकडची जमीन, आजारपण, सगळं एकावर एक. एका दुपारी मायक्रोस्कोपवर बसलेली असताना जाणवलं की मला यातली एकच संध्याकाळ हवी आहे. ती कुठली, हे मात्र अजून ठरत नव्हतं.

ती सापडली आमच्या आप्पांकडे. आप्पा माझे सासरे, मूळचे पाटण तालुक्यातले. लालबागला एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांत राहिले, खानावळीत जेवले आणि गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, साचे (माग) चालवले. 'संपाचं सांगा ना' म्हटलं की ते दोन वाक्यांत आटपतात. हात कामात असले की मात्र बोलतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. म्हणून रविवारी मी भिजवून मोड काढलेले वाल घेऊन त्यांच्यासमोर बसते. दोघं मिळून डाळिंब्या सोलतो.

त्या रविवारी मुलगी आतून काहीतरी ओरडून विचारत होती आणि आप्पांना ऐकू येत नव्हतं. मी सहज म्हटलं, "आप्पा, गिरणीत एवढ्या आवाजात तुम्ही बोलायचात कसं?"

"अगं, तितं तोंडानं कोन बोलतंय?" असं म्हणून त्यांनी वालाची साल खाली टाकली आणि ओले हात वर केले. दोन बोटं जुळवून झटक्यात लांब केली: धागा तुटला. तळहात उताणा करून अंगठा त्यावरून पुढे सरकवला: धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेतली, सुताची कांडी संपली. कानाची पाळी धरली: जॉबर (मुकादम) येतोय. मग दोन्ही हात छातीशी आणून हलकेच झुलवले. मला कळेना. म्हणाले, "पोरगं झालं. पाटनास्नं तार आलती. आख्ख्या खात्याला असंच सांगितलं, या टोकास्नं त्या टोकापातुर." ते पोरगं म्हणजे माझा नवरा.

मी हात पुसले आणि तिथेच फोनमध्ये सगळं नोंदवून घेतलं, खुणांसकट. कथा उभी राहिली ती यावर: कान गेलेला म्हातारा साचेवाला, त्याची नात आणि एका संध्याकाळी तो तिला शिकवतो त्या साळखात्यातल्या खुणा. संपाचा उल्लेख एका परिच्छेदापुरता उरला. बाकीचं सगळं मी काढून कादंबरीच्या वहीत नेऊन ठेवलं, त्याची जागा तिथेच होती. सुचत नाही असं वाटतं तेव्हा मी आता वहीपुढे बसत नाही. ज्याला माहीत आहे त्या माणसापुढे जाऊन बसते.

कथा तारखेच्या आत गेली. ताईंनी शेवट थोडा आखडायला सांगितला आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. अंक आल्यावर आप्पांनी आधी चित्र पाहिलं. चित्रकाराने काढलेला धोटा त्यांना पसंत पडला, मग त्यांनी नातीकडून कथा मोठ्याने वाचून घेतली.

दिवाळीनंतर कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि ती दूर गेलेली नव्हती. गोळा केलेले तपशील वाट पाहत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घरं कशी चालली, ते मला लिहायचं आहे. आता पहाट कादंबरीची आहे. मुलीची परीक्षा जवळ आल्याने तीही पहाटे उठते. एकाच टेबलावर ती भूमिती सोडवते आणि मी लिहिते. पुढच्या रविवारी आप्पांना विचारायच्या गोष्टींची यादी फ्रिजवर लावली आहे: पगार थांबल्यावर खानावळवाल्या बाईंचे पैसे कसे भागवले, गाळ्यातलं आधी कोण गावी परतलं, आणि संपात भेटायला जमल्यावर, साच्यांचा आवाज नसताना, साळखात्यातली माणसं एकमेकांशी तोंडाने बोलायची की हाताने.