तुम्ही विचारलंत म्हणून : साहेबांना न सांगता केलेले चांगले काम

“आपण होऊन एखादे चांगले काम केले तर साहेबांना ते खपत नाही, अशा वेळी काय करावे?” वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या भागांत नोकरीला लागलेली तरुण मुले-मुली मला हा प्रश्न वारंवार विचारतात. काजूच्या कारखान्यांत बावीस वर्षे सुपरवायझर म्हणून काम केल्यामुळे मला याचे उत्तर ठाऊक असेल, असे त्यांना वाटते. मला जे ठाऊक आहे, ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून आले आहे.

सुपरवायझर झाल्यानंतरचा तो माझा पहिलाच हंगाम होता. कारखान्यात येणारी काजू बी कधीच एका आकाराची नसे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेल्या वेंगुर्ला-४ जातीची बी साधारण ७.७ ग्रॅमची असते, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमच्या आसपास भरते आणि गावठी झाडांची बी बहुधा या दोन्हींपेक्षा बारीक असते. ही सगळी बी एकाच कुकरमध्ये सारखाच वेळ वाफवली, की मोठी बी कच्ची राहून तिचा गर फोडताना टरफलाला चिकटतो आणि तुटतो, तर बारीक बी जास्त शिजून तिच्या गराचा रंग जातो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात केवढे अंतर असते, हे त्या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमच्याकडे हे नुकसान रोज होत होते आणि ते मला पाहवत नव्हते.

एका गुरुवारी साहेब मुंबईला गेले. मी गोदामातून नऊ पोती काढायला लावली, दोन बायकांना चाळणीवर बसवले, मोठी आणि बारीक बी वेगळी केली आणि दोन्हींना वेगवेगळा वेळ वाफ दिली. रात्रभर आणि दुसरा दिवसभर ती पसरून निववली आणि शनिवारी फोडायला दिली. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजू नयेत म्हणून हाताला राख चोळत बसलेल्या एका वयस्कर बाईने मला विचारले, “सायबाक इचारलंस काय गो?” मी नुसती हसले. दुपारपर्यंत अख्ख्या गराच्या टोपल्या नेहमीपेक्षा भराभर भरल्या आणि साहेब आल्यावर शाबासकी देतील, अशी माझी खात्री झाली.

सोमवारी दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, “हा आगाऊपणा करायला तुम्हाला कोणी सांगितले होते?” चाळण बंद झाली आणि त्या दोन बायका पुन्हा फोडायला बसल्या. मला इतके लागले, की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतेही नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र केबिनमध्ये जाऊन मी विचारले, “साहेब, माझे नेमके काय चुकले, ते मला समजून घ्यायचे आहे.” हे वाक्य मी त्याआधी का उच्चारले नाही, याची खंत मला आजही वाटते.

त्यांनी मालाचे रजिस्टर माझ्यासमोर ठेवले. प्रत्येक पोते कोणत्या तारखेच्या खरेदीतले, कोणाकडून आलेले आणि किती वजनाचे, याची नोंद त्यात होती. खेळत्या भांडवलासाठी हा सगळा माल बँकेकडे तारण होता, दर महिन्याला त्याचे विवरण जात असे आणि बँकेचे अधिकारी केव्हाही पोती मोजायला येत. मी काढलेली नऊ पोती तीन निरनिराळ्या खरेद्यांमधली होती आणि चाळताना मी ती एकत्र केली होती. त्याच सोमवारी सकाळी बँकेचे अधिकारी येऊन गेले होते आणि रजिस्टर व गोदाम यांचा मेळ का बसत नाही, याचे उत्तर साहेबांना देता आले नव्हते. मला गर दिसत होता, त्यांना हिशेब दिसत होता. आणि हिशेबाखाली सही त्यांची होती.

म्हणूनच मला विचारणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट विचारते : तुमच्या कामात काही बिघडले, तर वरच्यांना उत्तर कोण देणार? ते नाव साहेबांचे असेल, तर काम करून झाल्यावर सांगणे म्हणजे त्यांना न विचारता त्यांच्या नावावर उधारी करणे आहे. सगळ्यांसमोर बोलणे ही त्यांचीही चूक होती, असे मी आजही मानते. पण त्या चुकीच्या आडोशाला माझी चूक मी दोन दिवस लपवली.

पुढे मी एक पानभर टिपण लिहिले. एकाच खरेदीतली तीन पोती, अर्धा दिवस, दोन बायकांची मजुरी, साहेब हजर असतील तो दिवस, आणि चाळलेल्या व न चाळलेल्या बीचा गर वेगवेगळा तोलून दाखवण्याची हमी, एवढेच त्यात होते. नुकसान झालेच तर जास्तीत जास्त किती होईल, तेही मी लिहिले, कारण त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार होता. तरीही त्यांनी नकार दिला. एप्रिल महिना होता, रोज गाड्या येत होत्या आणि गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मी टिपण परत घेतले आणि पावसाळ्यात, काम साठवणीच्या बीवर आल्यावर, पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले. या वेळी ते स्वतः चाळणीपाशी उभे राहिले. संध्याकाळी त्यांनी रजिस्टरमध्ये पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिले, “चाळून”.

शेठना ही गोष्ट त्यांनी आपली म्हणून सांगितली. मला वाईट वाटले, हे मी मुलांपासून लपवत नाही. पण चाळण पुढे प्रत्येक हंगामात चालू राहिली आणि मला हवे होते ते तेच.

सगळेच साहेब असे नसतात. त्यांच्यानंतर आलेल्या साहेबांपुढे मी अशीच तीन टिपणे ठेवली. त्यांनी एकही वाचले नाही आणि कारणही सांगितले नाही. “सांगितले तेवढेच करा,” एवढेच त्यांचे उत्तर असे. आपल्या हाताखालच्या माणसाला काही सुचते, हाच ज्याला अपमान वाटतो, त्याच्यापुढे आणखी चांगले टिपण लिहून उपयोग होत नाही. मी वर्षभर सांगितले तेवढे नेटाने केले, त्यांच्या पाठीमागे काही बदलले नाही, शेठकडे चुगली नेली नाही आणि हंगाम संपल्यावर दुसरीकडे अर्ज केला. तिथल्या मालकीणबाईंनी पगाराचे बोलून झाल्यावर मला काही विचारायचे आहे का, असे म्हटले, तेव्हा मी विचारले, “इथे एखादी गोष्ट बदलून पाहायची असेल, तर ती आधी कोणाला सांगायची?” त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “मला सांगा. पण सकाळी दहाच्या आत, नंतर मी गोदामात असते.”