बल्बसोबत आलेली चिठ्ठी

सोमवार

झड लागली की प्रयोगशाळेत सगळ्यात आधी बिघडतं ते सोडियम डायथायोनाइट. सिकलसेलच्या (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) सोल्युबिलिटी चाचणीचा सगळा जीव या पांढऱ्या पावडरीत. ती हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेते. ऑक्सिजन गेला की सिकलसेलचं बदललेलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, दाट फॉस्फेट बफरमध्ये विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होतं. डब्याचं झाकण सैल राहिलं, ओल लागली, की पावडर मेली. मग सिकलसेलच्या रुग्णाचं रक्तही नितळ दिसतं. (ओल जास्त झाली तर ही पावडर तापून पेटही घेते. तिची जागा बेसिनशेजारच्या फळीवर नाही.)

प्रमाण असं: एक लिटरला निर्जल डायपोटॅशियम फॉस्फेट २१५ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट १६९ ग्रॅम, डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन (पेशी फोडणारं) १ ग्रॅम. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, त्यापुढे ओढू नये. काम करताना खोलीच्या तापमानाला आणायचं, १२ × ७५ मिलिमीटरच्या नळीत २ मिली घ्यायचं, त्यात १० मायक्रोलिटर पेशी सोडायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. मग पांढऱ्या कार्डावर काळ्या बारीक रेघा आखून नळी त्याच्यापुढे अडीच सेंटिमीटरवर धरायची. हिमोग्लोबिन एस नसलेलं रक्त असेल तर द्रावण लाल सरबतासारखं पारदर्शक राहतं आणि रेघा सरळ मोजता येतात. हिमोग्लोबिन एस असेल तर नळीत ताकाचा ढग उतरतो आणि रेघा त्यामागे बुडतात. अर्धवट दिसणाऱ्या रेघा हाच खरा त्रास. अशी नळी ‘थोडी पॉझिटिव्ह’ म्हणून लिहायची नसते. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १२०० जीवर (गुरुत्वाच्या १२०० पट जोरावर) पाच मिनिटं फिरवली की एस वरच्या बाजूला गर्द लाल पट्टा धरतं.

इथे ‘पेशी’ म्हणजे बल्ब (रक्त भरून आलेली झाकणाची नळी) फिरवून खाली बसलेल्या तांबड्या पेशी. अख्खं रक्त घेतलं तर दोन्हीकडून फसायला होतं. हिमोग्लोबिन ४–५ असलेल्या रुग्णाचं एस इतकं थोडं पडतं की ढगच उठत नाही. उलट रक्तात चरबी किंवा ग्लोब्युलिन वाढलेलं असेल तर एस नसतानाही गढूळपणा येतो.

कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) म्हणून पुष्कळ ठिकाणी एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या रुग्णाचं, रक्त ठेवतात. माझ्या मते ते चुकीचं आहे. अर्धमेलं द्रावणही एसएस ओळखतं. कंट्रोल एएसचा, म्हणजे एकच जनुक सिकलचं असलेल्या वाहकाचा हवा, कारण चुकतं ते तिथेच. शिवाय ही चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे सांगत नाही, फक्त ‘एस आहे’ एवढंच म्हणते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती करूच नये. बाळाच्या रक्तात बहुतेक हिमोग्लोबिन एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) असतं, एस थोडं आणि ढग नाही. बल्बसोबतच्या चिठ्ठीवर वयाचा रकाना रिकामा असेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

मंगळवार

आजचा दिवस एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदांचा. यंत्र टक्के छापून देतं, निदान छापत नाही.

व्हेरिएंट-२ या यंत्रावर बीटा थॅलेसेमियाच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये एसची खिडकी (शिखर उमटण्याची वेळ) ४.३० ते ४.७० मिनिटांची आणि तिच्या आधीची, ३.९० ते ४.३० ची, डी या दुसऱ्या प्रकाराची. कॉलम जुना झाला किंवा तापमान हललं की शिखरं सरकतात, आणि ४.३१ वर आलेलं शिखर कुणाचं यावर वाद होतो. डी आणि एस क्षारीय इलेक्ट्रोफोरेसिसवर (पीएच ८.६; विजेच्या प्रवाहाने प्रकार पट्टीवर वेगळे करायची पद्धत) एकाच जागी बसतात, त्यामुळे ती पट्टी हा वाद मिटवत नाही. तिथे कालचीच साधी नळी कामाला येते. डीने ढग येत नाही.

साधा वाहक म्हणजे ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) साधारण ५५–६० टक्के, एस ३५–४०. एस ३०च्या खाली असेल तर सोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनची साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) किंवा लोहाची कमतरता असू शकते. वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतं. एस वरचढ आणि तरी ए शिल्लक असेल, तर एस-बीटा प्लस थॅलेसेमिया (एक जनुक एसचं, दुसरं थोडंच ए बनवणारं), नाहीतर अलीकडे रक्त चढवलेला एसएस रुग्ण.

हा दुसरा प्रकार विदर्भातल्या कागदांवर फार गंडवतो. सिकल झालेली पेशी १० ते २० दिवस जगते, दात्याची पेशी १२० दिवसांच्या आसपास. दोन बाटल्या चढल्या की काही आठवड्यांत रुग्णाच्या स्वतःच्या पेशी विरत जातात, दात्याच्या राहतात आणि कागदावर ए ५८, एस ३४ असं हुबेहूब वाहकाचं चित्र उमटतं. त्या मुलाला ‘वाहक, औषध नको’ असं सांगून घरी पाठवलं तर हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) सुरू होण्याची वेळ निघून जाते. म्हणून रक्त चढवल्याची तारीख लागतेच, आणि फेरतपासणी तीन महिन्यांनी.

एसएस आणि एस-बीटा झिरो (दुसरं जनुक ए अजिबात न बनवणारं) यांच्यातला फरक तर कागदावर जवळजवळ नसतोच. दोन्हीत ए शून्य. पुस्तक म्हणतं, ए-टू (एरवी थोडंसंच असणारं हिमोग्लोबिन) वाढलेलं आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) कमी असेल तर थॅलेसेमिया. पण एसचे उपप्रकार ए-टूच्या खिडकीत घुसून तो आकडा फुगवतात, अल्फा थॅलेसेमिया एमसीव्ही खाली ओढतो आणि हायड्रॉक्सियुरिया तोच वर ढकलतो. आई-वडिलांचे बल्ब मागवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. एकाकडे एस आणि दुसऱ्याकडे ए-टू ४च्या वर असेल तर उत्तर मिळालं.

आपल्याकडचे बहुतेक रुग्ण अरब-इंडियन हॅप्लोटाइपचे (सिकल जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएच्या ठेवणीचा एक प्रकार), त्यांच्यात एफ बरेचदा १५–२० टक्के किंवा त्याहून जास्त. त्याने आजार सौम्य होतो असं सर्रास म्हटलं जातं. पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण वॉर्डात दुखण्याने तळमळणाऱ्या पोराचं एफ २२ असतं तेव्हा त्या वाक्याला किती वजन द्यायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

गुरुवार

गडचिरोलीकडच्या स्लाइड. हिवतापाचा मोसम.

अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या कामातून मांडलं की सिकलसेलच्या वाहकाला फाल्सिपेरमपासून (हिवतापाच्या सगळ्यात घातक परजीवीपासून) संरक्षण मिळतं. गंभीर हिवतापापुरतं हे संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास भरतं. यातून लोक भलताच अर्थ काढतात की सिकलवाल्याला मलेरिया होत नाही. वाहकालाही होतो, जिवावर बेतण्याचं प्रमाण कमी एवढंच. आणि एसएस रुग्णाला तर हे कवच नाहीच. ताप, पाण्याची कमतरता आणि पेशींचं फुटणं यांनी त्याचं हिमोग्लोबिन दोन दिवसांत कोसळतं.

अशा रुग्णाची स्लाइड वाचताना दोन खड्डे. पहिला हॉवेल-जॉली बॉडीचा. पांथरी निकामी झाली की तांबड्या पेशीत केंद्रकाचा उरलेला ठिपका तसाच राहतो. तो गोल, गुळगुळीत, एकसारखा गर्द जांभळा. परजीवीच्या कड्यात लाल ठिपका आणि त्याला निळी, पातळ किनार असते. निळं दिसत नसेल तर पीएफ (फाल्सिपेरम) लिहू नये. गीमसा रंगासाठी पीएच ७.२ चं पाणी नसेल तर निळं नीट दिसतही नाही, म्हणून आधी पाणी तपासावं.

दुसरा खड्डा मोजणीचा. जाड स्मीअरवर २०० पांढऱ्या पेशींमागे किती परजीवी ते मोजून ४०ने गुणतात, कारण पांढऱ्या पेशी ८००० धरलेल्या असतात. २०० मागे ५० म्हणजे २००० प्रति मायक्रोलिटर. पण एसएस रुग्णाच्या पांढऱ्या पेशी एरवीच १२ ते २० हजार असू शकतात. त्या १६,००० असतील तर खरा आकडा ४०००, म्हणजे दुप्पट. आणि हा १६,००० सुद्धा यंत्राने केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी धरून दिलेला असू शकतो. स्मीअरवर १०० पांढऱ्यांमागे अशा २५ दिसल्या, तर १६,००० ला १००ने गुणून १२५ने भागायचं. १२,८०० उरतात, आणि परजीवी ३२००.

शुक्रवार

व्हायवॅक्स (हिवतापाचा दुसरा परजीवी) निघाला की प्रायमाक्विन, दिवसाला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, १४ दिवस. यकृतात दडलेली रूपं त्याशिवाय जात नाहीत. पण जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी याच गोळीने फुटतात.

ही कमतरता शोधणारी ठिपका चाचणी सोपी आहे. १० मायक्रोलिटर रक्त अभिकर्मकात मिसळायचं, शून्य, पाच आणि दहा मिनिटांनी एकेक थेंब व्हॉटमन नंबर १ कागदावर टाकायचा, वाळू द्यायचा आणि अंधाऱ्या पेटीत ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघायचा. नॉर्मल रक्ताचा पहिला ठिपका मंद असतो, दुसरा निळसर पेटतो, तिसरा काजव्यासारखा. कमतरतेचे तिन्ही ठिपके काळे राहतात. चमकतं ते एनएडीपीएच, हे एन्झाइम बनवतं तो रेणू. अभिकर्मकात ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन मुद्दाम घातलेलं असतं. थोडंफार तयार झालेलं एनएडीपीएच ते खाऊन टाकतं, म्हणजे अर्धमुर्धं एन्झाइम उगाच चमकत नाही.

नेमक्या तापाच्या दिवसांत ही चाचणी खोटं बोलू शकते. जुन्या, एन्झाइम संपलेल्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या कोवळ्या रेटिक्युलोसाइटमध्ये एन्झाइम भरपूर, आणि ठिपका चमकतो. चिठ्ठीवर ‘लघवी काळ्या चहासारखी’ असं लिहिलेलं असेल तर त्या चमकण्यावर विसंबू नये, तीन महिन्यांनी पुन्हा करावी. बायकांचं आणखी वेगळं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यांच्यात दोन तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात. ठिपका बहुधा ३० टक्क्यांखालचंच पकडतो, मधल्या पातळीच्या बायका सगळ्या निसटतात.

जाता जाता: १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला जी-सिक्स-पीडी कल्याण नाव मिळालं. केरळ नावाचा प्रकार वेगळा मानला जाई. १९९२ साली डीएनए वाचला तेव्हा दोन्हीतला बदल एकच निघाला, ३१७व्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी लायसिन. एन्झाइमच्या मोजमापावरून नावं ठेवण्याचे दिवस तिथेच संपायला हवे होते.

शनिवार

अडलेले नमुने पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढून तपासायला). सिकलचा बदल एका अक्षराचा, जीएजीचं जीटीजी. नेमकं तिथेच डीडीई-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम कापतं, बदल झाला की कापत नाही. जेलवर तुकडे मोजायचे. पूर्ण पचन झालं की नाही हे कळायला प्रत्येक जेलवर एक नॉर्मल नमुना हवाच, नाहीतर एन्झाइम झोपलं असलं तरी सगळे एसएस दिसतात. जांभळ्या झाकणाचाच बल्ब घ्यावा. हिरव्यातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं.

बल्बऐवजी कागदी कार्डावर टिपलेलं रक्त असेल तर पावसाळ्यात चार तास आडवं, सावलीत वाळवूनच पिशवीत घालावं आणि सोबत सिलिका जेल ठेवावं. ठिपक्याची कड गर्द आणि मध्य फिका दिसला तर ते ओलं असताना बंद केलेलं कार्ड असू शकतं.

मंगळवारचा रक्त चढवलेला पेच इथे बहुधा सुटतो. डीएनए पांढऱ्या पेशींचा, आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णात नावालाच असतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याचं मात्र उलटं. रक्तातला डीएनए दात्याचा, गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबमध्येही त्याच्या पेशी येतात, म्हणून केस मुळासकट लागतात. त्यासाठी चिठ्ठीवर रकाना नाही. तेवढं मागच्या बाजूला पेनाने लिहून पाठवावं.