सावलीत बसलेली माणसं

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. संग्रहालयाचा वर्धापनदिन झाला, आमची सगळी शिल्पं आवारात उभी राहिली, फोटो झाले, आणि माझ्या कामाकडे कोणी बघितलंच नाही. आले खूप जण. पण खाली बसायला.

केळीचं पान केलंय मी, देठ जमिनीत रोवलेला आणि पान वरून कमानीसारखं वाकलेलं, माणूस आत शिरेल एवढं. सळ्यांचं आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा, त्यावर चिकन मेश म्हणजे तारेची बारीक जाळी, मग सिमेंट-वाळू. जळगावात एप्रिलमध्ये सिमेंटचं काम म्हणजे पाणी मुरायच्या आधीच उडून जातं, क्युरिंग, म्हणजे सिमेंट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं, कमी पडलं की भेगा, म्हणून ओली गोणपाटं गुंडाळून रात्रीसुद्धा पाणी मारायचो, वॉचमन काका पण मारायचे. बोटांची सालपटं निघालीत. पानाची एकेक शीर हाताने ओढलीय आणि त्याच शिरांना चपला टेकवून लोक बसले होते!

पाटीवर काय, तर जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. शिल्पाबद्दल एक ओळ नाही. सरांनी भाषणात शिल्पकार राम सुतारांचं सांगितलं, आपल्या धुळ्याजवळच्या गोंदूरचा माणूस, सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा केला त्यांनी. टाळ्या पडल्या तेव्हा माझ्या पानाखाली कोणीतरी डबा उघडत होतं. पाहुणे घोड्याच्या शिल्पापाशी सेल्फी काढत होते. रडूच आलं. आई काय म्हणाली ते जाऊ दे.

मग दुपारी एक आजी आल्या, सोबतच्या बाईला म्हणाल्या, "बस वं माय, आठे सावली शे." पाठ टेकली आणि शिरेवरून हात फिरवत राहिल्या, बोलणं सगळं कापसाच्या भावाचं. घोड्यापाशी तेव्हा चिटपाखरू नव्हतं, त्या उन्हात कोण उभं राहणार. आणि मला तरी काय हवं होतं? बाहेर ४४ असलं तरी केळीच्या बागेत शिरलं की अंगाला गार लागतं, तेच तर धरायचं होतं. मग लोक शिरले तर राग का येतोय? येतोय पण. अजून येतोय. एकाने तरी विचारायचं ना, कोणी केलंय हे.

बसू देत. त्यांना तिथे बरं वाटलं, हे तर मी डोळ्यांनी बघितलंय.

आतल्या बाजूला एके ठिकाणी जाळीची तार वर आलीय, आजींचा पदर अडकत होता. उद्या ग्राइंडर मागून घेते, तार कापून वर सिमेंटचा हात मारते. सकाळी लवकरच उरकायला हवं, नंतर लोक येऊन बसतात.