आमची वाटचाल : नाव एक, पॅन तीन

आमच्या बिलबुकावरचं नाव पहिल्यापासून तेच आहे. पॅन मात्र तीन झाले. आधी मालकाचा स्वतःचा, मग भागीदारीचा, आता एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. पण दर वेळी बँकेचं खातं, जीएसटी आणि प्रत्येक कंपनीतला पुरवठादाराचा व्हेंडर कोड नव्यानं करून घ्यावा लागला. त्यात किती महिने जातात, ते केलेल्यालाच माहीत.

धंदा स्क्रीन प्रिंटिंगचा. टी-शर्ट आणि पिशव्या नव्हेत. कंट्रोल पॅनेलची लेबलं, मशिनच्या नेमप्लेटी, पॅनेलच्या तोंडावर चिकटवायचे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवरचे ओव्हरले. सुरुवात नोकरी सांभाळून, भोसरीतल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर. सागवानी चौकटी, त्यांवर ताणलेली 120 टी ची जाळी, म्हणजे बोल्टिंग, जाळीवर चित्र उतरवायला, म्हणजे एक्स्पोजिंगला, घरी ठोकलेली ट्यूबलाइटची पेटी आणि शाई ओढायचा 70 शोअर कडकपणाच्या रबराचा स्क्वीजी. स्क्वीजीची धार गोल झाली की अक्षरांच्या कडा फुटतात, म्हणून दर रविवारी रबर पॉलिशपेपरवर घासायचं. आजही ते काम आम्ही पोरांवर सोडत नाही.

त्या वेळी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्या मालकाचा धंदा, होती आणि जोडधंद्याला तीच बरोबर होती, हे आजही ठासून सांगतो. तिची वेगळी नोंदणी नसते. पॅन मालकाचाच, नफा पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. शॉप अ‍ॅक्टला म्हणजे दुकानाच्या नोंदणीला 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी केली. लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं आजचं उद्यम प्रमाणपत्र तर फुकट निघतं. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटी सरकारी नसतात. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर अनुमानित नफ्याच्या योजनेत रोखीवर 8 आणि बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. अट एकच, धंद्याचं देणं ते घरचं देणं. शाईवाल्याची उधारी थकली तर तो मालकाच्या फ्लॅटपर्यंत पोचू शकतो.

नोकरीवाल्यांनी आधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. खासगी कंपनीत बहुतेक वेळा 'लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय नाही' असं कलम असतं. सरकारी नोकराला तर वर्तणूक नियमांनी धंदा बंदच आहे, आणि घरच्या कुणी केला तरी कळवावं लागतं. मग जो तो सल्ला देतो, 'बायकोच्या नावावर टाक.' टाका, पण भांडवल तुमच्या पगारातून भेट म्हणून गेलं असेल तर त्या प्रमाणातला नफा प्राप्तिकर खातं तुमच्याच उत्पन्नात धरतं. तिचे स्वतःचे पैसे असावेत, नाहीतर रीतसर व्याजानं दिलेलं कर्ज असावं.

काम वाढलं आणि भागीदार आले. माणूस कामाला वाघ होता, हे नाकारत नाही. पॉझिटिव्ह, म्हणजे चित्राची फिल्म, बघूनच कुठे पिनहोल, म्हणजे टाचणीएवढं भोक, येणार ते सांगायचा. करारपत्र एका ओळखीच्या सल्लागारानं टाइप करून दिलं. निम्मा-निम्मा वाटा, मुदत नाही, नोटरीचा शिक्का. नोंदणीचं विचारलं तर उत्तर आलं, 'ऐच्छिक असते, कोणी करत नाही.'

ऐच्छिक असते हे खरं. 1932 च्या भागीदारी कायद्यात सक्ती नाही. पण त्याच कायद्याचं कलम 69 त्या गृहस्थांनी उलटून पाहिलं नव्हतं. नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारातून निघणाऱ्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दिवाणी दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र कुणीही दावा लावू शकतो. दावा दाखल करायच्या दिवशीच नोंदणी लागते, आणि दावा लावणाऱ्यांची नावं निबंधकाच्या रजिस्टरवर भागीदार म्हणून असावी लागतात. दावा घालून मग नोंदणी केली, तर तो दावा टिकत नाही. नवा घालावा लागतो.

2018 साली एका मोठ्या गिऱ्हाइकानं आमची साडेचार लाखांची बिलं अडवली. तक्रार काय, तर लेबलांचा निळा रंग नमुन्याशी जुळत नाही. नमुना त्यांच्याच खरेदी विभागानं सही करून दिलेला, तो आमच्याकडे आजही आहे. आमच्या नोटिशीला त्यांच्या वकिलाचं उत्तर चार ओळींचं आलं आणि त्यातली एक ओळ होती, 'आपल्या भागीदारीची नोंदणी आहे काय?'

सूक्ष्म-लघु उद्योगांचा 2006 चा कायदा आहे की, असं कुणीही म्हणेल. 45 दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि असे वाद तडजोडीनं किंवा लवादानं सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज. कलम 69 लवादाला आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2016 सालीच सांगितलं होतं, म्हणजे तो दरवाजा आम्हाला उघडा होता. पण आमचं उद्योग आधार, म्हणजे उद्यमच्या आधीची नोंदणी, जुन्या प्रोप्रायटरशिपच्या पॅनवर, आणि बिलं भागीदारीच्या पॅनवर. माल पुरवणारा आणि नोंदलेला उद्योग कागदावर दोन निराळे. म्हणून सांगतो, पॅन बदलला त्याच आठवड्यात उद्यम नवं काढा. माल जाण्याआधी काढलेलंच उपयोगी पडतं.

मग उरली भागीदारीची नोंदणी. उशीर झाला तरी महाराष्ट्रात दंड भरून होते, निबंधकाचं कार्यालय पुण्यातच आहे. पण अर्जावर सही लागते सगळ्या भागीदारांची. आमच्या भागीदारांनी नेमकी तीच रोखून धरली. एव्हाना त्यांनी दोन गल्ल्या सोडून स्वतःचा गाळा बघून ठेवला होता. सहीच्या बदल्यात त्यांना हवे होते तीन गिऱ्हाइकांचे पॉझिटिव्ह आणि ताणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी. दिल्या. वर्षानुवर्षं जमवलेली आर्टवर्कं एका सहीसाठी टेंपोत चढली. नोंदणी झाली, दावा मुदतीत बसला, आणि साडेचारपैकी तीन लाख तडजोडीत हाती आले.

मुदतीचंही सांगून ठेवतो. विकलेल्या मालाच्या पैशांना 3 वर्षं. मुदत संपण्याआधी समोरच्यानं चेकनं थोडी रक्कम दिली, किंवा बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, तर तिथून 3 वर्षं नव्यानं मोजतात. म्हणून दर मार्चअखेर खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्का आणायचा. आमच्याकडे हे आता ठरलेलं काम आहे.

भागीदार गेले तसं दुसरं संकट पुढे आलं. दोघांच्या भागीदारीतून एक गेला की भागीदारीच उरत नाही. पण विसर्जनाची जाहीर सूचना दिलेली नसेल, तर गेलेल्या माणसानं फर्मच्या नावावर केलेली उधारी राहिलेल्याच्याही अंगावर येते. जाहीर सूचना म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला निरोप नव्हे. नोंदणीकृत फर्मला निबंधकाकडे सूचना, शासनाच्या राजपत्रात आणि त्या भागातल्या एका मराठी वर्तमानपत्रात प्रसिद्धी, एवढं सगळं लागतं. आमची सूचना छापून येईपर्यंत जुन्या खात्यावर पीव्हीसी शाई आणि ती सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरचे डबे उचलले गेले होते. शाईवाल्याचा दोष नव्हता, त्यानं ओळखीच्या माणसाला माल दिला. बिल आम्ही भरलं.

त्या हंगामात धंदा तगला तो एका पॅनेलवाल्या शेठमुळे. आमचा पहिला माल त्यांनीच घेतला होता. त्यांची तपासणी ठरलेली. लेबल ट्यूबलाइटसमोर धरायचं आणि मागच्या पांढऱ्यातून उजेडाचा एक ठिपका जरी दिसला, तरी गठ्ठा परत. 250 मायक्रॉनच्या पॉलिकार्बोनेटवर उलटी छपाई, आधी अक्षरं, मग रंग, शेवटी पांढऱ्याचे दोन हात, प्रत्येक हात पुरता वाळल्यावर. घाईत दुसरा हात ओल्यावर मारला की सॉल्व्हंट अडकतं आणि महिन्याभरात चिकटपट्टी सुटते. भागीदारांनी त्यांना स्वस्त भाव दिला. शेठनी तो कागद आम्हालाच दाखवला, वर पुढच्या ऑर्डरची निम्मी रक्कम आगाऊ दिली. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून छापत नाही.

2019 ला भाच्याला सोबत घेऊन एलएलपी केली. प्रायव्हेट लिमिटेडही तपासली होती. तिला उलाढाल शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही, आणि ताळेबंदाचा व वार्षिक विवरणाचा फॉर्म उशिरा गेला की दर फॉर्मला दिवसाला 100 रुपये. बाहेरचे गुंतवणूकदार आणायचे नसतील तर लेबलं छापायला कंपनी कशाला? एकट्याची वन पर्सन कंपनी, म्हणजे ओपीसीसुद्धा ऑडिटच्या बाबतीत कंपनीच. एलएलपीला 40 लाखांच्या आत उलाढाल असली तर तिच्या कायद्यानं ऑडिट नाही. करार 30 दिवसांत फॉर्म 3 ने द्यायचा, वार्षिक विवरणाचा फॉर्म 11 दर वर्षी 30 मेपर्यंत, हिशेबाचा फॉर्म 8 दर 30 ऑक्टोबरपर्यंत, काम झालेलं असो वा नसो. अनुमानित नफ्याची योजना तिला नाही आणि कर सरळ 30 टक्के, हे मात्र हिशेबात धरा. ती स्वतःच्या नावानं दावा लावते, आणि एक भागीदार गेला तरी संपत नाही. मर्यादित दायित्वाचं कौतुक बेतानं करा. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, देताना बँक भागीदारांची वैयक्तिक हमी घेतेच.

बदल शक्यतो 1 एप्रिलला करा, दोन पॅनचे हिशेब एका वर्षात मिसळत नाहीत. जीएसटी नंबर पॅनला बांधलेला असतो, तेव्हा नवा घ्यावाच लागतो. माल राज्याबाहेर जात असेल तर पहिल्या बिलापासून. आमचं एक गिऱ्हाईक वेर्ण्याला, गोव्यात आहे. जुन्या नंबरावर शिल्लक राहिलेलं, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आयटीसी-02 या फॉर्मने नव्यावर न्यायचं, आणि जुनी नोंदणी त्यानंतर रद्द करायची. उलट केलं की ते क्रेडिट अडकलं.

कराराचा मसुदा या वेळी आम्ही ओळ न् ओळ वाचून घेतला. बाहेर पडणाऱ्याचा हिशेब कोणत्या तारखेच्या ताळेबंदावर होईल, पैसे किती हप्त्यांत मिळतील, वाद लवादाकडे कसा जाईल, आणि पॉझिटिव्ह, आर्टवर्क, चौकटी व नाव ही एलएलपीची मालमत्ता राहील, असं स्पष्ट लिहिलं. नावाचा ट्रेडमार्क अर्ज छपाईच्या कामाच्या वर्ग 40 मध्ये एलएलपीच्याच नावे केला. उद्यम असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन शुल्क 4500, नाहीतर 9000. जुने भागीदार त्यांच्या पाटीवर आमच्या नावाआधी 'न्यू' लावून धंदा करतात. त्यांना नोटीस गेली आहे.